शास्त्राचा पाठ आणि वर्गांतील सगळीं मुलें

शास्त्र हा विषय कठीण आहे, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. कित्येक पालकांचें म्हणणें असें कीं, हा विषय सोपा करून शिकवावा, टिपणें द्यावींत आणि परीक्षेंत येणारे प्रश्न उत्तरांसह लिहून द्यावेत. ज्यांचीं मुलें चलाख आहेत त्यांची तक्रार निराळी. मागें राहणाऱ्यांसाठीं वर्ग थांबतो आणि आपल्या मुलांचा वेळ फुकट जातो, असें त्यांस वाटतें. दोन्ही तक्रारी मनापासून केलेल्या असतात व दोन्हींत तथ्य आहे. एका वर्गांत पन्नास मुलें बसतात. त्यांपैकीं कोणास धडा एकदां वाचून समजतो, कोणाचें वाचनच अडखळतें, कोणाचा हात कामांत तरबेज पण लेखणी जड, तर कोणास सर्व येत असून बोलावयाची भीति वाटते. हाताचीं पांचही बोटें सारखीं नसतात, असें आपण सारे म्हणतों. परंतु त्या पांच बोटांनीं एकच घास कसा उचलावा, हा प्रश्न शिक्षकापुढें रोज उभा असतो. त्याचा विचार या वार्षिकाच्या वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

या अडचणीवर तीन उपाय सर्वत्र चालू आहेत. पहिला, पाठ पातळ करून सर्वांस सारखाच पाजणें. यानें वर्ग शांत राहतो, वह्या भरतात, आणि विचार करण्याचें काम एकटा शिक्षक करतो. दुसरा, मुलांच्या तुकड्या पाडून मंद म्हणविणाऱ्यांस सोपें काम व हुशार म्हणविणाऱ्यांस अवघड काम देणें. ज्या मुलास नित्य सोपें काम मिळतें, तें मूल त्या कामाबरोबर स्वतःची किंमतही वाचून घेतें. ‘ढ’ हें एक अक्षर एखाद्याच्या पाठीवर सातवींत बसलें तर तें शाळा सुटेपर्यंत पुसलें जात नाहीं. तिसरा उपाय, हुशार मुलांचें काम लवकर आटोपलें कीं त्यांस त्याच जातीचीं आणखी दहा उदाहरणें देणें. हें बक्षीस कीं शिक्षा, हें त्या मुलांसच विचारावें.

आमच्या मतें चांगला मार्ग चौथा आहे. सर्व वर्गापुढें प्रश्न एकच ठेवावा, पण तो निवडतांना घर बांधणाऱ्याची दृष्टि ठेवावी : उंबरठा बसका असावा आणि आढें उंच असावें. उंबरठा बसका म्हणजे, कोणत्याही मुलास पहिलें पाऊल आंत टाकतां यावें. आढें उंच म्हणजे, वर्गांतील सर्वांत चलाख मुलाचेंही डोकें तेथें टेकूं नये. याला जोडून दुसरा नियम असा कीं, पाठाचा कठीणपणा विचारांत असावा, शब्दांत नसावा. अवघड शब्दांनीं पाठ कठीण केला तर तो ज्यांचें वाचन कच्चें आहे त्यांस बाहेर ठेवतो, आणि ज्यांचें वाचन पक्कें आहे त्यांस, शब्द समजला म्हणजे गोष्ट समजली, असा खोटा दिलासा देतो.

उदाहरणावांचून हें बोलणें हवेंत राहील, म्हणून इयत्ता नववीचा एक पाठ घेऊं. साहित्य थोडें आहे : सव्वा मीटर बळकट दोरी, दोन-तीन लहानमोठे खडे किंवा लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंदकांटा असलेलें घड्याळ. दोरीस खडा बांधून ती खिळ्यास टांगली कीं लंबक तयार होतो. शिक्षक आरंभीं ‘लंबक’ हा शब्दही उच्चारीत नाहीं. तो खडा थोडा बाजूस नेऊन सोडतो आणि विचारतो, “हा झोका याहून लवकर व्हावा असें वाटत असेल, तर काय बदलाल?”

येथें उंबरठा किती बसका आहे, तें पाहावें. झाडाच्या फांदीस बांधलेल्या झोपाळ्यावर किंवा बागेंतल्या पाळण्यावर न बसलेलें मूल विरळा. म्हणून ज्यास पुस्तकांतील उतारा धड वाचतां येत नाहीं, तोही येथें कांहींतरी सांगूं शकतो. कोणी म्हणतो, खडा जड घ्यावा. कोणी म्हणतो, जोरानें ढकलावा. कोणी म्हणतो, दोरी आखूड करावी. शिक्षक तिन्ही उत्तरें फळ्यावर लिहितो आणि बरोबर-चूक कांहींच सांगत नाहीं. मग हात वर करवून मतें मोजतो. बहुधा पुष्कळ हात जड खड्याच्या बाजूस पडतात. एकदां मत देऊन बसल्यावर, आपलें खरें ठरतें कीं खोटें, हें पाहण्याची ओढ सर्वांसच लागते. मग पांच-पांच मुलांचे गट करून वीस झोक्यांस किती सेकंद लागतात, हें मोजावयास सांगावें. खडा जाऊन परत सोडल्या जागीं आला म्हणजे एक झोका. एकच झोका मोजण्यापेक्षां वीस कां मोजावयाचे, हाही विचार मुलांकडूनच करवून घ्यावा. घड्याळ पाहण्यांत होणारी अर्ध्या सेकंदाची चूक वीस वाट्यांत विभागली जाते, हें कोणी ना कोणी शोधून काढतोच.

आतां खरी अडचण येते, आणि ती यावी म्हणूनच हा पाठ योजिलेला असतो. एक गट लांब दोरीस हलका खडा बांधतो व आखूड दोरीस जड खडा बांधतो. दुसरा झोका लवकर होतो, आणि गट आनंदानें सांगतो कीं, जड खडा लवकर झुलतो. त्यांचें मोजमाप बरोबर आहे, अनुमान मात्र त्यांतून निघत नाहीं. शिक्षकानें ‘चुकलें’ असें म्हणूं नये. त्यानें एवढेंच विचारावें, “शेजारचा गट म्हणाला, दोरी आखूड होती म्हणून झोका लवकर झाला, तर त्यास काय उत्तर द्याल?” गट गप्प होतो. त्या गप्प बसण्यांत जें चाललेलें असतें, त्यासाठीं दोन तास खर्ची पडले तरी ते कारणीं लागले असें आम्ही समजतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्या, ही प्रयोगविद्येची गुरुकिल्ली तेथें मुलाच्या स्वतःच्या हातीं येते.

दुसरा पेंच याहून मजेचा आहे. एक गट जास्त वजनासाठीं दुसरा खडा पहिल्याच्या खालीं टांगतो. त्याचा झोका सावकाश होतो. दुसरा गट दोन्ही खडे शेजारीं-शेजारीं, एकाच उंचीवर बांधतो. त्यास कांहींच फरक आढळत नाहीं. दोन्ही गटांनीं वजन दुप्पट केलें, मग उत्तरें भिन्न कां? वाद रंगतो. शेवटीं एखादी मुलगी, जी एरवीं तोंड उघडीत नाहीं, पुढें येऊन दाखविते कीं, खालीं टांगल्यानें वजनाबरोबर लांबीही वाढली. लांबी दोरीच्या गांठीपर्यंत मोजावयाची नसून झुलणाऱ्या वजनाच्या मध्यापर्यंत मोजावयाची, हें पुस्तकांतील एक कोरडें वाक्य अशा वेळीं जिवंत होतें.

पुढें लांबीचें कोष्टक तयार होतें. २५ सेंटिमीटर लांबीस वीस झोक्यांस सुमारें २० सेकंद लागतात, ५० सेंटिमीटरला २८, ७५ सेंटिमीटरला ३५ आणि १०० सेंटिमीटरला ४०. हेंच कोष्टक प्रत्येक मूल आपापल्या शक्तीप्रमाणें वाचतें. ‘दोरी लांब तर झोका सावकाश’, एवढें कोणी म्हणतो. तें खरें आहे आणि त्यास मान मिळाला पाहिजे. दुसरा पाहतो कीं, लांबी दुप्पट झाली तरी वेळ दुप्पट होत नाहीं. तिसऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, लांबी चौपट केली तेव्हां वेळ दुप्पट झाला. आतां शिक्षकानें विचारावें, “वीस झोक्यांस बरोबर ६० सेकंद लागावेत, तर दोरी किती लांब हवी?” शेवटच्या २५ सेंटिमीटरला ५ सेकंद वाढले, म्हणून आणखी २० सेकंदांसाठीं १०० सेंटिमीटर वाढवून २०० सेंटिमीटर, असा हिशेब कोणी सांगतो. कोणी म्हणतो, वेळ तिप्पट तर लांबी नऊपट, म्हणजे २२५ सेंटिमीटर. वाद तोंडानें मिटवूं नये. एवढी दोरी दाराच्या चौकटींत मावत नाहीं, म्हणून वर्गानें वरच्या मजल्याच्या कठड्यावरून लंबक सोडून स्वतः मोजावें. २०० सेंटिमीटरच्या लंबकाचे वीस झोके सुमारें ५७ सेकंदांत संपतात, २२५ च्या लंबकास साठ सेकंद लागतात. निकाल दोरीनें दिला, शिक्षकानें नव्हे, ही गोष्ट मुलें विसरत नाहींत.

ज्यांची झेप याच्याही पुढें आहे, त्यांच्यासाठीं वर अजून पुष्कळ मोकळी जागा आहे. खडा थोडा बाजूस नेला काय किंवा अधिक नेला काय, वेळ तोच लागतो, असें गॅलिलिओचें मत होतें. लहान झोक्यांत तें जवळजवळ खरें ठरतें. पण दोरी साठ अंशांपर्यंत ताणून सोडावी, म्हणजे वेळ थोडा वाढतो, हें काळजीपूर्वक मोजणाऱ्या मुलास दिसतें. हा फरक हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यानें सिद्ध करून दाखविला. त्यानेंच १६५६ सालीं लंबकाचें घड्याळ योजिलें होतें. १६७२ सालीं ज्याँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेंत विषुववृत्ताजवळ केयेन येथें गेला असतां, पॅरिसमध्यें अचूक चालणारें घड्याळ तेथें दिवसास सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें, आणि तें नीट चालावें म्हणून लंबक तीन मिलिमीटरहूनही कमी असा किंचित् आखूड करावा लागला. विषुववृत्तापाशीं पृथ्वीचें ओढणें किंचित् कमी आहे, कारण पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगीर आहे, असा त्याचा उलगडा पुढें न्यूटननें केला. आपल्या देशांतही १८६५ पासून कॅप्टन बसेव्ही या सर्वेक्षण अधिकाऱ्यानें ठिकठिकाणीं लंबक नेऊन असेंच मोजमाप केलें. १८७१ सालीं लडाखच्या उंच प्रदेशांत हें काम करीत असतांना त्याचा अंत झाला. दोरी आणि खडा यांच्या झोक्यावरून पृथ्वीच्या आकाराचा थांग लागतो, हें ज्या मुलास उमगलें, त्यास ‘काम संपलें, आतां काय करूं?’ असें विचारण्याची पाळी येत नाहीं.

हा सारा आमचाच तर्क आहे असें कोणी समजूं नये. बार्बेल इनहेल्डर व ज्याँ पियाजे यांनीं जिनीव्हा येथें मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास केला, तेव्हां त्यांच्यापुढें हाच लंबक ठेविला होता. त्यांचा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. लहान मुलें एकदम दोन-तीन गोष्टी बदलतात, आणि एकेक गोष्ट हेतुपूर्वक वेगळी काढण्याची शक्ति कुमारवयांत फुलूं लागते, असें त्यांस दिसलें. म्हणजे माध्यमिक शाळेचीं वर्षें हाच त्या शक्तीला खतपाणी घालण्याचा काळ. पुढें लंडनमध्यें फिलिप ॲडी आणि मायकेल शेअर यांनीं १९८४ पासून अशाच तीस पाठांची मालिका शाळांतून चालवून पाहिली. नेहमींच्या तासांपैकीं एक तास पंधरा दिवसांनीं या पाठास द्यावयाचा, असा क्रम दोन वर्षें ठेविला. कांहीं वर्षांनीं सोळाव्या वर्षींच्या परीक्षेंत यांतील पुष्कळ मुलांची प्रगति शास्त्रांतच नव्हे, तर गणितांत आणि इंग्रजींतही अधिक दिसली. परंतु इंग्लंडमध्येंच याच पद्धतीची नव्यानें पडताळणी झाली, तिचा अहवाल २०१६ सालीं निघाला, आणि तींत असा लाभ आढळला नाहीं. दोन्ही गोष्टी पालकांपुढें ठेवणें आमचें कर्तव्य आहे. छापील पाठ हातीं आला म्हणून मुलें आपोआप विचार करूं लागत नाहींत. तो पाठ वर्गांत कसा चालतो, यावर दृष्टि ठेवावीच लागते.

यासाठीं शिक्षकानें कांहीं पथ्यें पाळावींत. पहिलें, थांबणें. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारणपणें एकच सेकंद थांबतो. तो तीन सेकंद थांबला तर उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात, आणि एरवीं गप्प बसणारीं मुलेंही बोलूं लागतात. दोन सेकंदांस पैसा लागत नाहीं, पण धीर पुष्कळ लागतो. दुसरें, मदत करावी ती प्रश्नाच्या रूपानें. शिक्षकाच्या मेजावर तीन चिठ्ठ्या असाव्यात. पहिलीवर, ‘तुम्हीं एका वेळीं किती गोष्टी बदलल्या?’ दुसरीवर, ‘कोणत्या गोष्टी तशाच ठेवाल?’ तिसरीवर अर्धवट आंखलेलें कोष्टक. अडलेल्या गटानें पाहिजे ती चिठ्ठी मागून न्यावी. जें मूल आज दुसऱ्याच्या मदतीनें करतें, तें उद्यां एकट्यानें करूं शकतें, असें रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की याचें प्रतिपादन होतें. मदतीचा हात वेळेवर काढून घेणें, हाही मदतीचाच भाग आहे.

तिसरें पथ्य कामाच्या वांटणीचें. एकानें झोके मोजावे, एकानें घड्याळ पाहावें, एकानें लिहावें, एकानें खडा सोडावा, आणि एकानें ‘हें कशावरून?’ असें विचारीत राहावें. हीं कामें दर खेपेस बदललीं पाहिजेत. नाहीं तर सुंदर अक्षराची मुलगी जन्मभर लिहीतच राहते आणि दांडगा मुलगा खडेच सोडीत राहतो. ज्याची दृष्टि अधू आहे, त्याच्या बोटास दोरी प्रत्येक झोक्यास हलकेंच स्पर्शूं द्यावी, म्हणजे तो डोळसांइतकेच बिनचूक झोके मोजतो. चौथें पथ्य शब्दांचें. ‘लंबक’, ‘आंदोलन’, ‘आंदोलनकाल’ हे शब्द शेवटीं द्यावेत. गोष्ट हातांत आल्यावर नांवाची गरज वाटते, आणि गरजेपोटीं आलेलें नांव घोकावें लागत नाहीं.

परीक्षेचा प्रश्न पालक विचारतीलच, आणि तो रास्त आहे. आपल्याच देशांतील एक दाखला सांगतों. मध्य प्रदेशांतील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्, जिल्ह्यांत १९७२ सालीं किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं सोळा शाळांत प्रयोगांतून शास्त्र शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. पुढें तो जिल्हाभर व त्याबाहेरही पसरला. सहावी ते आठवीचीं खेड्यांतील मुलें स्वस्त साहित्यानें स्वतः प्रयोग करीत. परीक्षेस पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा होती, कारण प्रश्न घोकलेल्या उत्तरांचे नव्हते. हा उपक्रम २००२ सालीं सरकारनें बंद केला. परंतु तीस वर्षें तो चालला, यावरून साध्या शाळांतील साध्या मुलांसही विचाराचें काम देतां येतें, एवढें तरी सिद्ध झालें.

या पद्धतीस मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. पुस्तकांतील दहा ओळींस येथें दोन तास लागतात. अभ्यासक्रम मोठा आहे. मूलद्रव्यांच्या संज्ञा, मापांचीं एककें, सूत्रें हीं पाठ करावींच लागतात, आणि त्यांत कमीपणा नाहीं. म्हणून प्रत्येक पाठ असा व्हावा, असें आमचें म्हणणें नाहीं. पंधरा दिवसांनीं एक असा पाठ झाला, तरी वर्षाअखेर वर्गाची वृत्ति पालटलेली दिसते. आज लंबकाचें सूत्र मोबाइलवर क्षणांत सांपडतें. परंतु समोरचें अनुमान त्या मोजमापांतून निघतें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच पारखावें लागतें. औषधाची जाहिरात, पिकावरील खताची शिफारस, शेजाऱ्यानें सांगितलेला उपाय, या सर्वांपुढें तोच प्रश्न उभा राहतो : किती गोष्टी एकदम बदलल्या होत्या? हा प्रश्न विचारण्याची संवय वर्गांतील पहिल्या पांचांसच लागावी आणि बाकीच्यांनीं नुसतें ऐकून घ्यावें, हें आम्हांस मान्य नाहीं. मागच्या बांकावरील मुलासही उद्यां घर चालवावयाचें आहे, शेत किंवा दुकान पाहावयाचें आहे, मत द्यावयाचें आहे.

सुज्ञ पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल एखादे दिवशीं कोरी वही घेऊन घरीं आलें आणि ‘आज दोरीला खडा बांधून झुलविला’ असें म्हणालें, तर तास वायां गेला असें समजूं नये. ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाबरोबर ‘आज वर्गांत कोणता वाद झाला?’ हाही प्रश्न विचारावा. उत्तर आपणांस ठाऊक असलें तरी लगेच सांगूं नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगावयाचें तें असें. जो प्रश्न ऐकतांच सुटतो त्यानें तुमची करमणूक होईल, पण शक्ति वाढणार नाहीं. प्रश्न सुटेना म्हणजे आपण ढ आहों, अशी समजूत करून घेऊं नका. प्रश्न आपल्या मापाचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. सुट्टींत घरच्या दारास एक दोरी टांगा, किल्लीचा जुडगा बांधा, आणि धाकट्या भावंडास विचारा, जड कुलूप बांधलें तर झोका लवकर होईल काय? तें जें सांगेल तें निमूटपणें ऐकून घ्या आणि घड्याळ त्याच्या हातीं द्या.